आजोबांच्या कॅमेऱ्यास भिंग कोणते व फिल्म कोणती?

माळ्यावरील पेटीतून आजोबांचा जुना कॅमेरा निघावा, त्याच्या चामडी पिशवीचा भुगा हातास लागावा, आणि नातवाने तो दप्तरात घालून शाळेत आणावा, हा प्रकार अलीकडे आमच्या शाळेत नवलाचा राहिलेला नाही. ज्यांच्या घरी प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे घेणारा फोन आहे, त्या मुलांस या जड, मुक्या डब्याचे वेड का लागावे याची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. हौस आहे, आणि ती चांगली आहे. परंतु हौसेच्या पाठोपाठ पालकांचा एक रास्त प्रश्न येतो : यात पैसा किती घालावा, आणि कशात घालावा? फिल्म आता स्वस्त राहिलेली नाही. एका रोलमध्ये छत्तीसच चित्रे मावतात. आणि जुन्या भिंगांचा बाजार असा आहे की तेथे एकदा शिरलेला मनुष्य रिकाम्या हाताने सहसा परत येत नाही. तेव्हा आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरापुरता या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. भिंग व फिल्म ही दुकानातील यादी पाहून निवडावयाची नसतात; आपण कोणत्या उजेडात आणि किती जागेत उभे राहणार, हे पाहून ती निवडावयाची असतात.

प्रथम हा कॅमेरा ओळखला पाहिजे. पेटीतून निघणारे कॅमेरे अनेक जातींचे असतात. त्यांपैकी ज्याच्या कपाळावर एकमेकींपासून काही अंतरावर दोन लहान खिडक्या दिसतात, तो बहुधा रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरा होय. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांनी करून पाहावा. दोरा सुईच्या पुढे आहे की मागे हे समजेनासे होते. दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात आणि त्या दोन कोनांवरून अंतराचा अंदाज बांधतात. या कॅमेऱ्यातील दोन खिडक्यांचे कार्य नेमके हेच. आत पाहिले असता मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन फिकट प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरविले की त्यातील एक सरकू लागते. ज्या क्षणी दोन्ही एकरूप होतात त्या क्षणी भिंग त्या वस्तूवर अचूक बसलेले असते. भूमितीतील त्रिकोणाचा इतका सुबक उपयोग दुसऱ्या कोणत्या खेळण्यात असेल असे आम्हांस वाटत नाही.

मात्र या रचनेत एक मेख आहे. आपण पाहतो ते खिडकीतून, आणि फिल्मवर चित्र उमटते ते भिंगातून. भिंगावरील झाकण तसेच राहिले तरी पाहणाऱ्यास जग स्वच्छ दिसत राहते, आणि अख्खा रोल कोरा निघतो. फार जवळची वस्तू घेतली तर खिडकीत दिसते तसे चित्र फिल्मवर येत नाही. मथळा कापला जातो. यापैकी बहुतेक कॅमेरे सुमारे एक मीटरच्या अलीकडे नीट पाहूच शकत नाहीत. आणखी एक गोष्ट आमच्या उन्हाच्या मुलुखात विशेष सांगण्याजोगी आहे. या कॅमेऱ्यांत भिंग आणि शटर यांच्यामध्ये आरसा नसतो. भिंग सूर्याकडे करून कॅमेरा गच्चीवर ठेवून दिला, तर बहिर्गोल भिंगाने कागद जळतो तसाच शटरचा काळा कापडी पडदा जळतो व त्यास टाचणीएवढे भोक पडते. पुढे प्रत्येक चित्रावर पांढरा ठिपका येऊ लागला म्हणजे लोक फिल्मला बोल लावतात.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीतील वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक याने चित्रपटाच्या अरुंद फिल्मवर चालणारा लहानसा कॅमेरा तयार केला. तो ‘लायका’ या नावाने १९२५ साली बाजारात आला. त्याला अंतरमापकाची जोड मिळाली ती १९३२ साली. त्याच वर्षी झाइस कंपनीने आपला ‘कॉन्टॅक्स’ काढला. त्याहून मनोरंजक हकीकत सोव्हिएत ‘फेड’ कॅमेऱ्याची आहे. खारकोव्ह शहरी निराधार मुलांसाठी एक वसाहत होती; अंतोन माकारेंको हा नामांकित शिक्षक ती चालवीत असे. त्या मुलांच्या कारखान्यात १९३४ पासून लायकाच्या धर्तीवर हे कॅमेरे बनू लागले. आमच्या वाचकांच्याच वयाच्या मुलांनी हजारांश मिलिमीटरची कामे हाताने केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लायका, फेड आणि पुढे १९४८ पासून निघालेला ‘झोर्की’ यांची जुनी भिंगे ३९ मिलिमीटरच्या आट्यांची असल्यामुळे एकाचे दुसऱ्यावर बसते. परंतु बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. जर्मन कॅमेऱ्यावर सोव्हिएत भिंग चढविले असता अंतरमापक एक सांगतो आणि भिंग दुसरेच करते, असा अनुभव पुष्कळांस येतो. म्हणून घेण्यापूर्वी एक रोल खर्ची घालून परीक्षा करावी. ज्यांच्या घरी १९६६ साली निघालेला ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ किंवा तत्सम जपानी कॅमेरा आहे, त्यांचे भिंग कॅमेऱ्यास कायमचे जडलेले असते. त्यांची एक चिंता परस्पर मिटली. त्यांनी थेट फिल्मच्या विवेचनाकडे वळावे.

आता भिंग. त्याच्या कपाळपट्टीवर ३५, ५० अथवा ९० असा आकडा कोरलेला असतो. तो नाभ्यंतराचा, मिलिमीटरमध्ये. लहान आकड्याचे भिंग पुष्कळ पाहते व सर्व लहान दाखविते; मोठ्या आकड्याचे थोडे पाहते व मोठे दाखविते. फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असते. यावरून नववीतील विद्यार्थ्यास समरूप त्रिकोणांनी सहज गणित करता येईल. दहा मीटर दूर उभे राहिले तर ५० च्या भिंगात ७.२ मीटर रुंदीचे दृश्य मावते, ३५ च्या भिंगात सुमारे १०.३ मीटर, आणि ९० च्या भिंगात फक्त ४ मीटर. एवढे गणित हाती असले म्हणजे दुकानदाराच्या पाल्हाळाची गरज राहत नाही.

ते गणित घेऊन वेरूळास जावे. कैलास लेण्याचे मंदिर सुमारे तीस मीटर उंच आहे. कॅमेरा उभा धरून ५० च्या भिंगाने ते पायापासून कळसापर्यंत एका चित्रात घ्यावयाचे, तर अदमासे बेचाळीस मीटर मागे सरावे लागेल. ३५ च्या भिंगाने एकोणतीस. परंतु समोर गोपुर, दोन्ही अंगांस कड्याच्या भिंती. मागे सरणार कोठे? ज्यांनी हा पर्वत वरून खाली खोदला त्यांनी छायाचित्रकाराची सोय पाहिली नाही. यास उपाय दोन. लेण्याच्या वरच्या कड्यावरून, कठड्याच्या आत राहून, मंदिर घ्यावे. किंवा संपूर्ण मंदिराचा हव्यास सोडून जोत्यावरील हत्तींपैकी दोन हत्ती घ्यावेत. आम्हांस दुसरा उपाय अधिक पसंत आहे. तिसऱ्या प्रहरी, लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे, ऊन तिरपे आत शिरते आणि दगडातील प्रत्येक टाकीचा घाव उठून दिसतो. त्या वेळी ५० चे भिंग पुरेसे होते.

शहरात मात्र ३५ च्या भिंगाचे महत्त्व निराळेच आहे. बावन्न दरवाजांचे शहर अशी आपल्या शहराची ख्याती. त्यातील कित्येक दरवाजे आज नाहीसे झाले आहेत, आणि जे उरले त्यांच्या अंगाखांद्यावर तारा, पाट्या व दुकाने यांची गर्दी झाली आहे. मलिक अंबराने १६१२ च्या सुमारास उभारलेला भडकल दरवाजा असो की पैठण दरवाजा असो, त्याच्या कमानीपासून मागे सरू लागले की चारसहा पावलांतच पाठ कोणाच्या तरी हातगाड्यास लागते. अशा ठिकाणी अरुंद जागेत रुंद पाहणारे भिंगच उपयोगी. त्याने मनुष्याचा चेहरा मात्र फार जवळून घेऊ नये. नाक वाजवीपेक्षा मोठे येते, आणि आजीबाई ते चित्र कोणास दाखवू देत नाहीत. चेहऱ्यासाठी ९० चे भिंग उत्तम म्हणतात ते खरे. परंतु या कॅमेऱ्याच्या खिडकीत त्याची चौकट लहानशी दिसते आणि अंतराची चूक मुळीच खपत नाही. नवशिक्याने ते घेऊ नये असे आम्ही स्पष्ट सांगतो.

मग एकच भिंग घेणे असेल तर? ५० चे. फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर छायाचित्रकार १९४७ साली हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्या हाती लायकाच होता, आणि ५० चेच भिंग त्याच्या नित्य वापरातले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची भेट घेऊन तो बिर्ला भवनातून बाहेर पडला, आणि अल्पावकाशातच ती भयंकर घटना घडली. त्याने घेतलेली अंत्ययात्रेची चित्रे जगाने पाहिली. त्या गर्दीत उभे राहून भिंगे बदलीत बसण्यास कोणासही उसंत मिळाली नसती.

आकड्याहून महत्त्वाची अशी भिंगाची दुसरी संख्या आहे. ती त्याच्या छिद्राची. एफ ३.५ किंवा एफ २ असे लिहिलेले असते. ही संख्या जितकी लहान तितके छिद्र मोठे, आणि उजेड त्या संख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. जुन्या लायकावरील ‘एल्मार’ व फेडवरील ‘इंडस्टार’ ही भिंगे एफ ३.५ ची असत; झोर्कीवरील ‘ज्युपिटर ८’ एफ २ चे. या दोहोंत सुमारे तिपटीचा फरक आहे. त्यात १०० अंकाऐवजी ४०० अंकाची फिल्म घातली तर आणखी चौपट, म्हणजे एकंदर बारा पट. जेथे पूर्वी एक सेकंद लागला असता तेथे सेकंदाचा बारावा भाग पुरतो. सेकंदभर हात स्थिर ठेवणे कोणाच्याही शक्तीबाहेरचे आहे. बाराव्या भागापुरता श्वास रोखून, कोपरे छातीशी घट्ट धरून, आरशाची उडी नसलेल्या या कॅमेऱ्यात ते साधते. नाताळच्या सायंकाळी प्रार्थनागृहात मेणबत्त्यांच्या उजेडात गाणारी मुले घ्यावयाची असोत, वा देवगिरी किल्ल्याच्या अंधारीच्या तोंडाशी मशाल घेऊन उभा असलेला वाटाड्या घ्यावयाचा असो, हे बारा पटींचे भांडवल तेथे कामास येते.

अजिंठ्यास तर त्यावाचून गत्यंतर नाही. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशच्या उजेडास बंदी आहे, आणि ती सर्वथा योग्य आहे. दीड हजार वर्षे टिकलेले रंग उजेडाने फिके पडतात. तिपाई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. खांबास टेकून हात स्थिर करण्याचा मोह होईल, परंतु तेथील खांबही रंगविलेले आहेत हे विसरू नये.

अजिंठ्याचा विषय निघाला म्हणून एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास १८४४ साली या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामगिरीवर नेमण्यात आले. त्याने जवळजवळ वीस वर्षे तेथे राहून कापडावर मोठमोठ्या नकला रंगविल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या प्रासादास आग लागली आणि त्यांतील बहुतेक सर्व नकला जळून गेल्या. पुढे मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले. त्याही नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. एकाच भिंतीच्या नकला दोनदा जळाव्यात हा दैवदुर्विलास नव्हे तर काय? परंतु गिलने रंगांखेरीज कॅमेराही हाताळला होता. त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह पुस्तकरूपाने निघाली, आणि ती आजही पाहावयास मिळतात. एका चित्राच्या अनेक प्रती निघतात यातच त्यांचे रक्षण झाले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरील चार भागांचे चित्रसंपन्न पुस्तक १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले, तेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

गिलच्या काळच्या काचा ओल्या असतानाच वापराव्या लागत, आणि त्यांना निळाच प्रकाश जाणवे. तांबडा व पिवळा त्यांस जवळजवळ अंधारच. ज्या भिंतींवर गेरू व पिवडी यांचे साम्राज्य, त्यांचे त्या काचेवर काय होणार? काळोख. यावरून फिल्मच्या निवडीतील खरा मुद्दा ध्यानी येईल. काळी-पांढरी फिल्म रंग टाकून देते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती प्रत्येक रंगाचे करड्या छटेत भाषांतर करते, आणि भाषांतरकार बदलला की अर्थ बदलतो. घरातील फार जुन्या फोटोत पणजीच्या कपाळावरील कुंकू काळे कुळकुळीत दिसते. ते तसे लावलेले नव्हते. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. आजच्या बहुतेक फिल्म सर्व रंग ओळखतात. परंतु त्यातही एक गंमत आहे. हिरव्या लुगड्याचा तांबडा काठ डोळ्यांस किती उठून दिसतो. फिल्मवर दोहोंची करडी छटा जवळजवळ एकच येऊन काठ नाहीसा होतो. याच कारणाने अजिंठ्याची भित्तिचित्रे काळ्या-पांढऱ्या फिल्मवर घेण्यात अर्थ नाही असे आमचे मत आहे. गेरू आणि हिरवी माती तेथे एकमेकांत मिसळून जातात. त्या लेण्यांचे ओसरीचे खांब, दारावरील कोरीव काम आणि आत शिरणारा उजेड घ्यावा. भिंती डोळ्यांनी पाहाव्यात.

बीबीच्या मकबऱ्यासमोर उलट अडचण येते. घुमट संगमरवरी, बाकीचे बहुतांश काम चुन्याच्या गिलाव्याचे, सर्वच पांढरे. आणि निळे आकाश फिल्मवर येते तेही जवळपास पांढरेच. पांढऱ्यावर पांढरे. येथे भिंगापुढे पिवळी काच लावावी. ती निळा प्रकाश अडविते, आकाश गडद होते, घुमट पुढे येतो, आणि आषाढातील ढग असल्यास त्यांच्या कडा उमटतात. नारिंगी काच हेच अधिक जोराने करते. पिवळ्या काचेने उजेड सुमारे निम्मा होतो, तेव्हा छिद्र एका घराने वाढवावे. या कॅमेऱ्याच्या खिडकीत काचेचा परिणाम दिसत नाही, तो मनातच पाहावा लागतो.

फिल्मच्या डबीवरील अंक तिची उजेड टिपण्याची चपळाई सांगतो. इल्फर्ड कंपनीची ‘एफपी ४ प्लस’ १२५ अंकाची, ‘एचपी ५ प्लस’ ४०० अंकाची. कोडॅकची ‘ट्राय-एक्स’ही ४०० ची. चपळ फिल्मचा कण जाड असतो, मंद फिल्मचा बारीक. एके काळी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म आपल्याकडे सर्वत्र मिळे. तो कारखाना आता बंद पडला आहे आणि फिल्म परदेशातून येते. स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या अंकाइतका धरावा, हा जुना नियम मोजणीच्या यंत्रावाचून काम भागवितो : १२५ अंकास सेकंदाचा सव्वाशेवा भाग, ४०० अंकास चारशेवा. जुन्या फेडचे शटर पाचशेव्या भागापलीकडे जात नाही. वैशाखातील दुपारी ४०० ची फिल्म घालून त्याचे भिंग मोठे उघडता येत नाही ते यामुळे. तरीही विद्यार्थ्याने वर्षभर एकच फिल्म वापरावी, आणि ती ४०० ची असावी असे आम्ही सुचवितो. बाहेर असताना पिवळी काच चढविली की तीच फिल्म २०० अंकासारखी वागते आणि आकाशही सुधारते. गुहेत शिरताना काच काढून घ्यावी. आज ही, उद्या ती, असे करणाऱ्यास एकीचाही स्वभाव कळत नाही.

पालकांस खरेदीची यादी हवी असेल तर ती आखूड आहे : ५० मिलिमीटरचे एफ २ चे भिंग, पिवळी काच एक, उन्हाची तिरीप अडविणारी टोपी एक. भिंग घेताना बॅटरीचा झोत त्यातून आरपार टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ते भिंग कितीही नामांकित असले तरी सोडून द्यावे. बारीक ओरखडे मात्र तितके बाधत नाहीत. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. उन्हाळ्यात फिल्म दुचाकीच्या डिकीत विसरणे म्हणजे ती भाजून काढणेच होय.

फिल्म घरी धुणाऱ्यांस आमच्या हवेची आणखी एक अडचण आहे. औषधांच्या वेळा वीस अंश तापमानास धरून छापलेल्या असतात, आणि चैत्रात नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम येते. औषध गरम झाले की काम भराभर उरकते, पाच मिनिटांच्या आत उरकलेले काम डागाळते. माठातील पाणी येथे मोठे साह्य करते. परातीत ते ओतून, लागल्यास बर्फाचे चार खडे टाकून, औषधांच्या बाटल्या त्यात अर्धा तास उभ्या ठेवाव्यात. ही औषधे स्वयंपाकाच्या भांड्यांत कालवू नयेत व घरातील मोठे माणूस जवळ असल्यावाचून हाताळू नयेत. विंधनविहिरीचे जड पाणी सुकताना फिल्मवर पांढरे थेंब ठेवते. म्हणून शेवटचे विसळणे बॅटरीसाठी मिळते त्या ऊर्ध्वपातित पाण्यात करावे. नंतर न्हाणीघरात, जेथे धूळ कमी, तेथे दोरीस चिमट्याने टांगून खाली दुसरा चिमटा वजनासाठी लावावा. सुकलेली फिल्म सहासहा चित्रांच्या पट्ट्या कापून कागदी पाकिटांत घालावी, आणि पाकिटावर तारीख, ठिकाण व चित्रातील माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. शाई पाझरते.